‘मी कोडगी झालेय का?’

प्रश्न (थोडक्यात): मी मुंबईत एका हॉस्पिटलच्या कॅन्सर वॉर्डात १४ वर्षं सिस्टर आहे. राहायला भांडुपला. घरी सासरे, वय ७८, बेस्टमध्ये कंडक्टर होते. तीन वर्षांपासून त्यांना डिमेन्शिया आहे. दिवसा एक बाई असते, मिस्टर रात्रपाळीला, त्यामुळे रात्र माझी. मागच्या महिन्यात ड्यूटी संपता संपता एक पेशंट गेला. त्याची बायको माझा हात धरून रडत होती आणि मी मनात हिशोब करत होते, बॉडी लवकर हलली तर पावणेनऊची गाडी मिळेल. त्याच रात्री दोन वाजता बाबांनी मला हलवून उठवलं, ‘तिकीट? कुठं उतरणार?’ मी ओरडले, ‘इथंच मरणारे मी, कुठं उतरणार!’ सकाळी ते सगळं विसरले होते. मी विसरले नाही. झोपेत वॉर्डातल्या सलाइनच्या पंपाचा बीप ऐकू येतो. गणपतीत चार दिवस गावी गेले, तिथेही आत काही हललं नाही. मी कोडगी झालेय का? नोकरी सोडू का? आणि बाबांची माफी मागण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर:

ताई, आधी पावणेनऊच्या गाडीचं बोलू, कारण पत्रात तुम्ही तिचा उल्लेख तीनदा केलाय. बारा तास उभं राहून ड्यूटी केलेल्या बाईच्या डोक्यात गाडी असणं यात पाप काही नाही. ती चुकली की पुढचीत चढता येईल याची खात्री नाही, घरी पोचायला दहा, दिवसाची बाई दारात पिशवी घेऊन उभी. हा हिशोब डोकं आपोआप करतं. तुम्हाला खुपतंय ते दुसरंच. त्या बाईचा हात तुमच्या हातात होता आणि तरी आत सगळं गप्प होतं.

माझ्याही हातून हे झालंय. मी २६ वर्षं एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. आता घरोघरी जाऊन दीर्घ आजारातले पेशंट आणि त्यांची माणसं बघते. नोकरीच्या दहाव्या-अकराव्या वर्षातली गोष्ट. सकाळची वेळ, टेबलासमोर रांग, प्रत्येकाला उपचारासाठी कुठल्या ना कुठल्या ट्रस्टची मदत हवी. एक आई समोर येऊन बसली. मी मान वर न करता विचारलं, ‘रेशनकार्ड पिवळं की केशरी?’ ती म्हणाली, ‘बाई, पोरगी पहाटेच गेली. तुम्ही एवढे कागद केलेत, म्हणून सांगायला आले.’ मी ‘बरं’ म्हटलं, फाइल दुसऱ्या गठ्ठ्यात टाकली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. संध्याकाळी दादरच्या पुलावर, त्या गर्दीत, मला माझं ते ‘बरं’ ऐकू आलं. किती सपाट होतं ते! मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि मागून येणाऱ्या बायका ‘ओ ताई, चला ना’ म्हणून ओरडायला लागल्या.

तेव्हा मीही स्वतःसाठी हाच शब्द वापरला होता. आता वापरत नाही. कोडगं मूल मार खाऊन खाऊन असं झालेलं असतं की त्याला कुणी काही बोललं तरी लागत नाही. तुम्हाला महिनाभर लागून राहिलंय. मी याला पाय बधिर होण्यासारखं समजते. एकाच जागी मांडी घालून तासन्‌तास बसलं की पाय आपला वाटेनासा होतो, चिमटा काढला तरी कळत नाही. पाय मेलेला नसतो, फक्त बसण्याची पद्धत बदलायला हवी असते. आणि एक आत्ताच सांगून ठेवते: जाण परत येते तेव्हा मुंग्या येतात. मधेच कधीतरी भाजी चिरताना, गाडीत, एखादी जाहिरात बघताना रडू फुटेल. घाबरू नका.

याला इंग्रजीत कम्पॅशन फटीग म्हणतात. कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये नर्सेसबद्दल लिहिताना हा शब्द वापरला, पुढे १९९५ मध्ये चार्ल्स फिग्ली या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर पुस्तक संपादित केलं. म्हणजे याला नाव मिळालं तेच मुळी तुमच्या पेशावरून. मराठीत ‘करुणेचा थकवा’ असं कुणी कुणी लिहितं. मला ते पुस्तकी वाटतं. आमच्या वॉर्डातल्या मावशींचा शब्द जास्त नेमका होता: ‘जीव विटला.’

तुमच्या पत्रात मात्र तीन गोष्टी एकात एक गुंतल्यात, त्या सोडवून बघू. एक साधा अंगाचा थकवा. तो दोन रात्री सलग झोप मिळाली की बऱ्यापैकी उतरतो, आणि तुम्हाला तीन वर्षांत घरी दोन रात्री सलग मिळालेल्याच नाहीत. दुसरा नोकरीचा उबग, ज्याला बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करताना हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. त्यात माणूस कामाला, वरिष्ठांना, कागदपत्रांना वैतागतो. पेशंटचं दुःख बाजूला ठेवलं तरी तो होऊ शकतो, बँकेतही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या आघाताची लागण. झोपेत ऐकू येणारा पंपाचा बीप हा त्यातला. घटना पेशंटच्या आयुष्यात घडते आणि स्वप्नं तुम्हाला पडतात. नुसता अंगाचा थकवा असता तर गावी चार दिवसांत थोडा तरी फरक पडला असता, म्हणून मला दुसरी आणि तिसरी गोष्ट जास्त वाटते. हे तपासायला प्रोक्वॉल नावाची ३० प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे, गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते. तिच्यातला मला आवडणारा भाग असा की १० प्रश्न चक्क कामातल्या समाधानाबद्दल आहेत. भरून बघा, पण एकटीने भरून एकटीनेच निकाल लावू नका.

आता थोडं मेंदूचं, कारण त्यातून पुढचा उपाय निघतो. तानिया सिंगर या जर्मन मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये जोडप्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडीदाराच्या हाताला विजेचा झटका बसतोय एवढं नुसतं कळलं, तरी बायकोच्या मेंदूतले तेच भाग जागे झाले जे तिला स्वतःला झटका बसल्यावर जागे होत होते. सगळे नाहीत. कुठे दुखतंय हे सांगणारा भाग शांत राहिला, त्रास वाटणारा जागा झाला. म्हणजे दुखणं ज्याचं त्याच्याकडेच राहतं, त्यातला त्रास तेवढा वाटून घेतला जातो. पुढे त्यांनी आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही लोकांना दुसऱ्याच्या वेदनेत शिरण्याचा सराव दिला, मग दुःखी माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. लोक जास्तच खचले. त्याच लोकांना नंतर त्या माणसाचं बरं व्हावं, त्याला माया मिळावी अशा भावनेचा सराव दिला. फिती तशाच दुःखाच्या, पण खचणं कमी झालं आणि मेंदूतली दुसरीच जाळी कामाला लागली, माया आणि समाधानाशी जोडलेली. यावरून हे संशोधक म्हणतात की आपण ज्याला करुणेचा थकवा म्हणतो त्यात थकते ती करुणा नाही, दुसऱ्याच्या वेदनेत नुसतं बुडून राहणं थकवतं.

प्रयोगशाळेतली फीत आणि तुमचा वॉर्ड यात फरक आहे हे मलाही कळतं. हे संशोधन हातात धरून व्यवस्थापनाने ‘सिस्टर्ससाठी ध्यानाचं शिबिर’ भरवायचं आणि दोन नर्सच्या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवायच्या, हेही मी पाहिलंय. तशा शिबिराला मी एकदा गेले होते. अर्ध्या सिस्टर्स बसल्या जागी झोपल्या. माझ्या मते त्या दिवसाचा तोच काय तो फायदा.

पण संशोधनातली मूळ गोष्ट खरी आहे, ती मी आमच्या वॉर्डातल्या एका मावशींकडे बघून आधीच शिकले होते. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती मृतदेह आवरले असतील याची मोजदाद नाही. पेशंट गेला की सिस्टर नळ्या काढायच्या, मावशी गरम पाण्याचं भांडं घेऊन यायच्या. हनुवटीखालून पट्टी, पायाचे अंगठे बांधणं, नावाची चिठ्ठी, हे सगळं नेहमीसारखं. मग त्या खिशातून स्वतःचा लाल फणी-कंगवा काढायच्या आणि पेशंटचे केस विंचरायच्या. बाई असेल तर मधोमध भांग, पुरुष असेल तर एका बाजूला. केमोने केस गेलेले असतील तर ओल्या फडक्याने डोकं पुसायच्या. आणि हळूच म्हणायच्या, ‘जावा आता नीट.’ दोन मिनिटं लागत. नंतर त्या कंगवा डेटॉलच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि चहाला जायच्या, तिथे सुनेच्या तक्रारी सांगायच्या, हसायच्या. मला वाटायचं, या बाईला काही वाटतच नाही. फार वर्षांनी कळलं की वाटतंय ते त्या हातावाटे बाहेर काढत होत्या. आम्ही शिकलेल्या बायका ते आत ठेवत होतो.

अमेरिकेत व्हर्जिनियात जोनाथन बार्टेल्स नावाच्या एका नर्सने असंच काहीसं सुरू केलं. पेशंट गेल्यावर खाटेभोवतीची सगळी जण काही सेकंद थांबतात, हा कुणाचा तरी बाप होता, कुणाचा तरी नवरा होता एवढं कुणीतरी बोलतं, मग कामाला लागतात. तुमच्या वॉर्डात सगळ्यांना थांबवणं जमणार नाही. तुम्ही एकटीने एक कृती ठरवा. चादर नीट करणं, कपाळाला हात लावणं, मनात पूर्ण नाव घेणं, ‘बेड सात’ न म्हणता. आणि ती रडणारी बाई पुन्हा समोर आली तर तिच्या दुःखात उतरायची धडपड नको. तिला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, ‘घरून कोण येतंय?’ विचारा. हाताला काम मिळालं की मन सुटतं, हा माझा अनुभव. गाडीचा विचार येतच राहील, त्याला एका कोपऱ्यात उभं राहू द्या.

आता घरचं. माझ्या मते तुमच्या दुखण्याचं मूळ वॉर्डापेक्षा भांडुपच्या घरात जास्त आहे.

परळच्या केईएममधल्या अरुणा शानबाग यांची गोष्ट तुमच्या पेशात सगळ्यांनाच ठाऊक असते. त्याही नर्सच. १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांची उस्तवार केली. इतक्या वर्षांत बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत, हे त्यांच्या दयामरणाच्या खटल्यात न्यायालयापुढेही आलं आणि २०११ च्या निकालात न्यायमूर्तींनी केईएमच्या कर्मचाऱ्यांचं खास कौतुक केलं. लोक ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. ज्या सिस्टर्सनी सुरुवातीला त्यांना भरवलं त्या निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतर नव्या आल्या, त्यांच्या नंतर आणखी नव्या. रोज कुणाची तरी ड्यूटी संपत होती आणि दुसरी येऊन ‘आज काय खाल्लं, झोप कशी होती’ हे ऐकून घेत होती. एवढी माया ४२ वर्षं टिकली कारण ती हातोहात पुढे दिली गेली. एकाच बाईकडे सोपवली असती तर?

तुमच्या घरी हँडओव्हर नाही. आपल्याकडे ‘आजारपण काढणं’ हा शब्दच एकवचनी आहे: अमकीने सासूचं आजारपण काढलं. काढते एकच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली. घरात माणसांची काळजी घेणाऱ्यांमध्ये बाया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या, पुरुष ७६. बिनपगारी घरकामात तर २९९ विरुद्ध ९७. आणि दुसऱ्याचं आजारपण काढणारी बाई स्वतःचं दुखणं अंगावर काढते, हेही आपल्याकडे ठरलेलंच. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘बोटाची चीर दीड महिना भरत नाहीये.’ साखर तपासून घ्या, ती पहिली. पण अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये डिमेन्शियाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं. त्यांच्याच वयाच्या, घरी असा पेशंट नसलेल्या बायकांपेक्षा नऊ दिवस जास्त लागले. हा ताण ‘मनाला लावून घेणं’ नसतो, कातडीवर मोजता येतो.

डिमेन्शियाचं आणखी एक आहे. कॅन्सरचा पेशंट ‘सिस्टर, तुम्ही आलात की बरं वाटतं’ असं कधीतरी म्हणतो. बाबा म्हणत नाहीत. उलट सून पैसे चोरते असंही म्हणत असतील, तुम्ही लिहिलं नसलं तरी. माणूस समोर बसलेला आणि तरी हरवलेला. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी याला धूसर वियोग असं काहीसं नाव दिलंय: सुतक नाही, दहावं नाही, भेटायला कुणी येत नाही, पण दुःख मात्र पूर्ण. अशात कधीतरी ‘सुटावेत आता’ असा विचार येतो. तो तुम्हाला आला असेल तर सांगते, मी ज्यांच्या घरी जाते त्यातल्या बहुतेकींना येतो. त्यांच्यासाठीही सुटका हवी असते, स्वतःसाठीही, आणि दोन्ही खरं असतं.

मग करायचं काय? ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हे मी सांगणार नाही, ते ऐकून माझंच डोकं फिरतं. वेळ कुठून काढायचा ते कुणी सांगत नाही.

तुम्ही वॉर्डात करता तेच घरी करा. एक दोनशे पानी वही घ्या. रोजच्या गोळ्या, जेवण, संडास-लघवी, डायपर कधी बदलला, रात्री किती वाजता उठले, काय विचारलं, काय म्हटल्यावर शांत झाले. आठ दिवसांत ती वही म्हणजे चार्ट होतो, आणि चार्ट असला की रात्र दुसऱ्या कुणाला देता येते. मग कल्याणच्या नणंदेला आणि नेरुळच्या दिराला फोन. ‘जरा मदत करत जा’ असं म्हणू नका, त्याला सगळे ‘हो हो’ म्हणतात आणि रविवारी सफरचंदं घेऊन येतात. ‘मंगळवारची रात्र तुमची, शुक्रवारची भावजींची’ असं सांगा. येणं जमत नसेल तर त्या दोन रात्रींच्या नर्सिंग ब्युरोच्या बाईचे पैसे त्यांनी द्यावेत. पूर्ण महिन्याचा ब्युरो म्हणजे एक पगार जातो, हे मला माहितीये. दोन रात्री तिघांत परवडतात. भांडण होईल कदाचित. होऊ दे. मिस्टरांनाही या फोनवर घ्या, वडील त्यांचे आहेत. फोन तुम्हीच करायचा आणि ते शेजारी मोबाइल बघत बसणार, असं नको.

दिवसाचं काही शोधायचं तर डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्था मुंबईत डिमेन्शियाच्या ज्येष्ठांसाठी काम करतात, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीचीही मुंबईत शाखा आहे. फोन करून विचारा, आपल्या भागात काय आहे ते. तुम्ही नर्स आहात तरी एक आठवण करते, कारण घरच्या माणसाच्या बाबतीत आपण साध्या गोष्टी विसरतो. रात्रीचं उठणं अचानक वाढलं असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठे दुखणं आणि दुपारची लांब झोप या चार गोष्टी आधी बघा.

नोकरी आत्ता सोडू नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींनी सोडली, पहिले दोन महिने हलकं वाटलं. नंतर दिवसाची बाई बंद झाली, कारण ‘तू घरीच आहेस ना’, आणि मग चोवीस तास त्याच चार भिंती. तुम्हाला नोकरीतून पगार मिळतो, बोलणाऱ्या चार सिस्टर्स मिळतात, गाडीतला ग्रुप मिळतो. गाडीत पेशंटच्या नातेवाइकांचे मेसेज बघू नका, तेवढा पाऊण तास ना वॉर्डाचा ना घराचा. समोरची मटार सोलत असेल तर मूठभर मागून सोला. गंमत नाही करत. सोडण्याऐवजी मेट्रनना भेटा आणि सहा महिन्यांसाठी दुसरा वॉर्ड किंवा ओपीडी मागा. सिस्टर्सना यात हार वाटते, ‘मला झेपत नाही असं म्हणतील.’ कितीही चांगला पायलट असला तरी त्याच्या उड्डाणाच्या तासांना मर्यादा असते, त्याला कुणी दुबळा म्हणत नाही.

आता दोन-तीन प्रश्न, ज्यांची उत्तरं मला कळवायची गरज नाही. बाबांवर हात उठलाय का, किंवा उठता उठता राहिलाय का? वॉर्डातली झोपेची गोळी पर्समध्ये आलीय का? पुलावर, फलाटाच्या कडेला, ‘संपवून टाकावं’ असं मनात येतं का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर वही आणि फोन नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञ, याच आठवड्यात. तोपर्यंत टेली-मानस, १४४१६, सरकारी आहे, मोफत, रात्री दोनलाही उचलतात आणि मराठीत बोलतात.

राहिला माफीचा प्रश्न. ते विसरले, मग माफी कशाला, असं तुम्हाला वाटतंय. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या पेशंटना काही दुःखी आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं ते बहुतेकांना सांगता येईना, मन मात्र तसंच राहिलं, दुःखी किंवा आनंदी, कारण न कळता. म्हणजे तुमचं ओरडणं बाबा विसरले असतील, घाबरणं मागे राहिलं असेल. आणि हे उलटही चालतं. माया लावली तर तीही तशीच मागे राहते.

ते रात्री दोनला उठतात तेव्हा त्यांची बस सुटलेली असते, ती थांबवायला जाऊ नका. तोंडात वस्तू घालायची सवय नसेल तर चिल्लरची एक पिशवी उशाशी ठेवा, मोजत बसतील, हाताला ओळखीचं काम मिळेल. आणि पुढच्या वेळी उठवतील तेव्हा आधी त्यांचा हात हातात घ्या. ‘बाबा, परवा चुकलं माझं’ म्हणा. ते बहुधा काहीच न कळल्यासारखं बघतील आणि विचारतील, ‘कुठं उतरणार?’

‘भांडुप स्टेशन, एक द्या,’ म्हणा.